मामाची मर्सिडीज

गाडी फणसाखाली उभी करू नये, हे पेडण्यात शेंबड्या पोरालाही कळतं. मामाने मात्र त्याची मर्सिडीज अकरा वर्षं फणसाखालीच ठेवली होती. टपाला दोन खोल पोचे पडलेले, पांढरा रंग शेवाळाने हिरवा झालेला, चारही टायर जमिनीला टेकलेले. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची आणि मामी रोज सकाळी दार उघडून ती काढून आणायची. उघडायचं ते एकच दार, उरलेली तीन जाम. घरात कोणालाही यात काही वावगं वाटेनासं झालं होतं.

२०२३ च्या एप्रिलमध्ये मी पंधरा दिवस मामाकडे राहायला गेलो. मोपाचा विमानतळ त्याच जानेवारीत सुरू झाला होता, त्यामुळे बेंगळुरूहून सकाळी निघालेला माणूस दुपारी पेडण्यात जेवायला पोचतो. दिवसभर ओसरीवर लॅपटॉप घेऊन काम करायचं, संध्याकाळी मामाबरोबर काजूच्या बागेत जायचं, असा बेत होता.

एका सकाळी मी मीटिंगमध्ये असताना अंगणात भंगारवाल्याचा टेंपो येऊन थांबला. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला, बॉनेटवर बोटाने टकटक करून पत्र्याचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "चाळीस हजार." मामाने घासाघीससुद्धा केली नाही. मी माईक बंद केला, तसाच अनवाणी अंगणात उतरलो आणि म्हणालो, "मामा, मी घेतो."

"तुका ती कित्याक जाय?" मामाने विचारलं. (आमच्या घरात पेडण्याची कोकणी चालते आणि तिच्यात मालवणी केव्हा शिरते ते कळत नाही. पुढचं सगळं मी मराठीतच लिहितो, नाहीतर अर्ध्या वाचकांना फोन करून अर्थ सांगावा लागेल.)

गाडी मला कशाला हवी, याचं धड उत्तर माझ्याकडे नव्हतं. "चालू करून बघतो," एवढंच बोललो.

"फुकट देणार नाही. आणि चाळीसच्या वर एक रुपया घेणार नाही. भंगारवाल्याचा भाव तोच तुझा भाव."

दुसऱ्या दिवशी मी बँकेतून पैसे आणून दिले. पाचशेच्या ऐंशी नोटा मामाने दोनदा मोजल्या, पाकिटात घातल्या आणि पाकीट कपाटात ठेवलं. सख्ख्या भाच्याबरोबर हा काय व्यवहार, असं मला वाटलं. मामीला त्या पैशांतून इन्व्हर्टर घ्यायचा होता. मामा म्हणाला, बघू.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. ही १९९६ सालची ई २५० डिझेल. गाड्यांच्या नादाला लागलेली माणसं तिला डब्ल्यू १२४ म्हणतात. जर्मनीत हे मॉडेल १९८४ च्या अखेरीस आलं. भारतात १९९५ पासून पिंपरीला, तेव्हाच्या टेल्कोच्या आवारात, त्याची जुळणी होऊ लागली. म्हणजे आमची मर्सिडीज जातीने जर्मन असली तरी जन्माने पिंपरी-चिंचवडची. मुंबईच्या कोणा व्यापाऱ्याने बारा वर्षं वापरून ती काढली आणि २००८ मध्ये मामाने साडेचार लाखांना घेतली. मी तेव्हा फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मामा मला हॉस्टेलवर सोडायला तीच घेऊन यायचा आणि मुद्दाम गेटच्या आत आणायचा.

मला त्या गाडीचं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर वायपर. समोरच्या काचेला एकच. तो नुसता इकडून तिकडे जात नाही. काचेच्या वरच्या कोपऱ्यांकडे जाताना हात लांब करतो आणि मध्यावर पुन्हा आखडून घेतो, आणि अशा रीतीने काचेचा ८६ टक्के भाग पुसून काढतो. जुलैच्या पावसात कोलवाळच्या पुलावर बाकीच्या गाड्या गोगलगायीसारख्या सरकत असायच्या आणि मामा एका हाताने स्टिअरिंग धरून गाणं गुणगुणत चाललेला असायचा.

एवढे पैसे मामाकडे आले कुठून? खनिजातून. मामीचं माहेर डिचोली तालुक्यातलं. त्यांच्या ओळखीने मामाने २००४ च्या सुमारास एक टिपर घेऊन खाणीवर लावला. खाणीवरून नदीकाठच्या जेटीवर माल टाकायचा, तिथून तो बार्जने मुरगावला जायचा आणि पुढे जहाजाने परदेशी. चीनला तेव्हा लोखंड पुरत नव्हतं. पूर्वी ज्या हलक्या मालाकडे कोणी बघत नसे, तोही उचलला जाऊ लागला. गोव्याच्या बंदरांतून वर्षाला ५ कोटी टनांच्या वर खनिज जायला लागलं. एका टिपरचे पाच झाले. डिचोली-साखळी भागात त्या वर्षांत वाळत घातलेले कपडे तांबडे व्हायचे, झाडांची पानं तांबडी, रस्त्यावरची कुत्रीसुद्धा तांबडी. कित्येकांच्या शेतांत खाणीचा गाळ उतरला, विहिरी आटल्या. मामाच्या गाडीत बसताना मी त्याचा विचार केला नव्हता. माझा पहिला लॅपटॉप, ज्याच्यावर मी कोड लिहायला शिकलो, तो मामानेच घेऊन दिला होता. तोही त्याच तांबड्या मातीचा.

खाणीचा हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसात खाणी बंद, तेव्हा ट्रक मिस्त्रीकडे. इंजिन उघडायची, पंप तपासायचे, पाटे बदलायचे. हे सगळं उधारीवर, हंगाम लागला की फेडायचं. २०१२ च्या पावसातही मामाचे पाचही ट्रक असेच तयार होऊन उभे होते. ७ सप्टेंबरला शाह आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला, १० सप्टेंबरला गोवा सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. चतुर्थी त्या वर्षी १९ सप्टेंबरला होती. मामाकडचा गणपती इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. सगळे म्हणत होते, दोन महिन्यांत सुरू होईल. २०१४ साली न्यायालयाने मर्यादा घालून परवानगी दिली, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा सगळं थांबलं. तोवर मामाचे तीन ट्रक कर्जवाल्यांनी ओढून नेले होते आणि दोन भंगारात गेले होते. मर्सिडीजवर कर्ज नव्हतं, म्हणून ती कोणी नेली नाही. विकायची म्हटलं तर गिऱ्हाईक कुठून आणणार? ज्यांनी घेतली असती, त्यांचेच ट्रक दारात उभे होते. मामाने ती एक दिवस फणसाखाली लावली आणि किल्ली देव्हाऱ्याच्या खणात ठेवून दिली.

तर अशी ही गाडी मी विकत घेतली आणि मला इंजिनातलं ओ का ठो कळत नव्हतं. शिक्का बीईचा, पण कॉम्प्युटरचा. पहिल्यांदा एका मोठ्या वर्कशॉपला फोटो पाठवले. त्यांनी साडेतीन लाखांचा अंदाज दिला आणि वर "गॅरंटी नाही" असं लिहिलं. दुसऱ्या एकाने लॅपटॉप जोडायला कुठे जागा आहे ते शोधत अर्धा तास घालवला. शेवटी काजू न्यायला आलेल्या टेंपोचा ड्रायव्हर म्हणाला, "जुनं डिझेल इंजिन ना? मग डिचोलीला न्या. तिथे एक पंपवाला आहे, खाणीच्या वेळचा."

हे मी रात्री जेवताना मामाला सांगितलं. "डिचोलीला कशाला? म्हापशाला बघ," मामा म्हणाला आणि ताटावरून उठला. मी त्याचा अर्थ जेवण आवडलं नाही असा लावला.

गाडी ट्रकवर चढवतानाच कळलं की मागची चाकं फिरतच नाहीत, ब्रेक गंजून बसलेत. ती अक्षरशः खरडत वर चढली. जिथे ती उभी होती तिथे चार काळे खड्डे आणि तीन अंडी राहिली.

डिचोलीचा तो वर्कशॉप म्हणजे गावाबाहेर एक लांबलचक शेड. पूर्वी इथे वीस-वीस टिपर रांगेने उभे असत म्हणे. आता एक जेसीबी, एक स्कूलबस आणि टेबलावर उघडून ठेवलेले दोन पंप. मिस्त्री साठीच्या पुढचा, पांढऱ्या केसांचा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पुढच्या बंपरच्या आत हात घातला आणि लोखंडाची एक पट्टी चाचपली.

"ही पट्टी मी मारली होती," तो म्हणाला. मग मामाचं नाव घेतलं. "तू कोण त्याचा?"

"भाचा."

"किती वर्षं झाली त्याला या रस्त्याने येऊन?"

मी म्हटलं, माहीत नाही. मिस्त्री आत गेला आणि एक जुनी जाडजूड डायरी घेऊन आला. २०१२ ची. जुलैपासूनच्या पानांवर मामाच्या पाचही ट्रकचे नंबर, जीए-०४ पासून सुरू होणारे, आणि त्यांच्यापुढे आकडे. मध्ये मध्ये काही रक्कम जमा. शेवटी एक बेरीज, तिच्याखाली दोन रेघा: ६२,०००.

"तुला दाखवायला नाही काढली," तो म्हणाला. "या गाडीच्या नोझलचं काम तेव्हा केलं होतं, त्याचं माप बघायला काढली." आणि खरंच त्याने मागचं एक पान उघडून माप वाचलं.

मी खिशातून मोबाईल काढला आणि विचारलं, हे बासष्ट हजार मी आत्ता पाठवू का? त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. "तू ट्रक चालवत होतास काय?" मी मोबाईल परत ठेवला. गाडीचं काम करणार का, असं विचारलं. "करणार तर. गाडीने काय केलंय?"

पुढचे चार-पाच महिने मी जमेल तसा जात राहिलो, कधी शनिवार-रविवार, कधी आठवडाभर. मिस्त्रीची पहिली ताकीद होती, सेल्फ मारायचा नाही. अकरा वर्षं थांबलेल्या इंजिनाला जबरदस्तीने फिरवलं तर आतलं काहीतरी मोडणारच. त्याने पाचही नोझल काढले, त्या भोकांतून आत थोडं थोडं तेल सोडलं आणि दोन दिवस हातही लावला नाही. तिसऱ्या दिवशी पुढच्या पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून तो आणि त्याचा पोरगा हळूच रेटू लागले. काही नाही. पुन्हा तेल, पुन्हा एक दिवस. मग पाना एक इंचभर सरकला, मग दोन, मग पूर्ण फेरी झाली. मिस्त्रीने बिडी पेटवली. त्याच्याकडून ती प्रशस्ती समजायची, हे मला नंतर कळलं.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपसूक पेटतो. सगळं कौशल्य फवाऱ्याचं: नेमक्या क्षणी, नेमक्या मापाचा. आमच्या पंपात जुनं डिझेल सुकून लाखेसारखं झालं होतं. टाकीतून निघालेल्या द्रवाला डिझेल म्हणणं कठीण, ते काळं लोणचं होतं. टाकी उतरवून तीनदा धुतली, नळ्या बदलल्या, पंप संपूर्ण उघडला. एकेक तुकडा स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून ठेवायचा, पुसायचा, कापडावर ओळीने मांडायचा. हे काम मिस्त्री कोणालाच करू देत नसे.

हे कुठे शिकलात, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "मर्सिडीजवरच." मला वाटलं थट्टा करतोय. पण गोष्ट खरी होती. १९६१ च्या आधी, पोर्तुगीज अमलात, गोव्यात परदेशी गाड्या सहज येत. १९५० च्या दशकात इथलं लोखंड जपानला जाऊ लागलं, पैसा खुळखुळू लागला, आणि म्हापसा-पणजीच्या टॅक्सी-स्टँडवर चक्क मर्सिडीज १८० डी उभ्या राहू लागल्या. जेमतेम ४० अश्वशक्तीची, गोल पाठीची, धीमी गाडी. गोवा मुक्त झाल्यावरही त्या टॅक्सी वर्षानुवर्षं धावत होत्या. मिस्त्री चौदाव्या वर्षी पंपाच्या कामाला लागला तो १९७५ साली, आणि त्याने उघडलेला पहिला पंप अशाच एका टॅक्सीचा होता. म्हणजे मर्सिडीज गोव्यात दोनदा आली, दोन्ही वेळा खनिजाच्या मागोमाग. मामाला वाटत होतं, तालुक्यात आपणच पहिले.

ब्रेकचा सगळा संच कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून आला. उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग मिस्त्रीच्या पोराने जोडलं. टायर मात्र म्हापशाच्या दुकानातच मिळाले, कारण १९५/६५ आर १५ हे माप आजही सर्रास चालतं. सगळा खर्च मी एका शीटमध्ये लिहीत होतो. तो १,६२,००० वर गेला, गाडीच्या चौपट, आणि त्यात रंग धरलेला नाही. बायकोने त्या शीटचं नाव बदलून "मामाचं लग्न" असं ठेवलं.

ऑगस्टमध्ये भर पावसात एका दुपारी मिस्त्रीने मला आत बसवलं. "मार आता." सेल्फ फिरला, फिरत राहिला, काही नाही. लाईनमध्ये एअर धरलं होतं. त्याने नोझलच्या नळ्या एकेक करून सैल केल्या, डिझेल फुरफुरलं की पुन्हा आवळल्या. चौथ्या खेपेला एक सिलिंडर खोकला, मग दुसरा. अख्खी शेड पांढऱ्या धुराने भरली आणि धुरातून पाचही सिलिंडरचा तो ठेक्यातला आवाज यायला लागला. मी पंधरा वर्षांपूर्वीच्या हॉस्टेलच्या गेटात होतो.

मग मी किल्ली बंद केली. इंजिन चालूच. किल्ली काढून हातात घेतली, तरी चालूच. या इंजिनाला थांबवायला व्हॅक्यूम लागतो आणि त्याच्या रबरी नळ्या कुजल्या होत्या. जी गाडी अकरा वर्षं सुरू होत नव्हती, ती आता थांबायला तयार नव्हती. मी घाबरून बाहेर उडी मारली. मिस्त्री शांतपणे पंपाजवळ वाकला, एक दांडी दाबली आणि इंजिन गप झालं. त्याचा पोरगा अजून मला बघून हसतो.

आरटीओचं काम वाटलं होतं त्यापेक्षा सरळ झालं. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. मामाने २०११ साली वाढवलेली २०१६ मध्ये संपली होती. एप्रिल २०२२ पासून ही फी ६०० ऐवजी ५,००० झाली होती, उशिराचा दंड वेगळा. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यायचा असतो, तो घेता घेता माझा अर्धा तास गेला. खिडकीवरच्या माणसाने गाडीचं नाव वाचून विचारलं, "इम्पोर्टेड?" आयात गाडीला ही फी तेव्हा ४०,००० होती. मी घाईघाईने म्हणालो, "नाही हो, पिंपरीची!"

या सगळ्या काळात मी मामाला डायरीबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो आणि त्यानेही काही विचारलं नव्हतं. गाडी चालू झाल्याचा व्हिडिओ पाठवला, तर त्याने नुसता अंगठा पाठवला. मामी म्हणाली, रात्री दहा वेळा लावून ऐकत होता.

डिसेंबरमध्ये गाडी घेऊन मी पेडण्याला गेलो. मामाने तिच्याभोवती एक फेरी मारली, पोच्यांवरून हात फिरवला. "हे का नाही काढलेस?" मी म्हटलं, पैसे संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला म्हणालो, इंजिनातून थोडा आवाज येतोय, डिचोलीला दाखवून येतो, तू येणार का? आवाज खरंच येत होता, पण इतका काही नाही. मामा काही न बोलता आत गेला. पाच मिनिटांनी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसला. चालवायला मी किल्ली पुढे केली, तर मान हलवून नको म्हणाला.

धारगळ, कोलवाळ, थिवी. मामा खिडकीबाहेर बघत होता. अस्नोडा सोडल्यावर त्याने काच वर केली, मुळगाव आल्यावर पुन्हा खाली. "झाडं हिरवी दिसतायत इथली," तो म्हणाला. बाकी वाटेत काही बोलणं नाही.

मिस्त्री शेडच्या दारात चहा पीत बसला होता. उठला नाही. मामा उतरून त्याच्यासमोर उभा राहिला. दोघांनी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी केली. पोराने अजून एक चहा आणला. मग मामाने शर्टाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि स्टुलावर ठेवलं. ते पाकीट मी ओळखलं. एप्रिलमधलंच होतं, माझ्या बँकेचं.

मिस्त्रीने कपड्याला हात पुसले, नोटा मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या. पोराला हाक मारून डायरी मागवली, ते पान शोधलं, कानावरची पेन्सिल काढून बेरजेखाली आकडा लिहिला आणि रेघ ओढली.

"बावीस राहिले," तो म्हणाला.

"चतुर्थीपर्यंत," मामा म्हणाला.

मिस्त्रीने डायरी मिटली आणि माझ्याकडे वळला. "बॉनेट उघड. कसला आवाज येतोय म्हणालास?"